उतारावरचा जावई

कप्तानांना प्रतवारीच्या टेबलावर झोपवायचं ठरलं ते जिन्यामुळे. डावा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, उजव्या खांद्याचं हाड मोडलेलं, आणि निजायची खोली वरच्या मजल्यावर. खाली दोनच जागा होत्या, स्वयंपाकघर आणि फळांच्या पेट्या भरायची खोली. स्वयंपाकघराचं नाव निघताच त्यांच्या बायकोनं, म्हणजे आईंनी, नुसतं वर पाहिलं, आणि पेट्यांची खोली किती हवेशीर आहे हे सगळ्यांना एकदम पटलं. टेबलावर गादी घातली. अडचण एवढीच होती की नासपतीची फळं आपोआप पुढे घरंगळत जावीत म्हणून त्या टेबलाला मुद्दाम थोडा उतार दिलेला होता. त्यामुळे कप्तानही दिवसभरात हळूहळू पायांकडे सरकत, आणि थोरल्या मुलाला त्यांना चादरीसकट परत वर ओढावं लागे.

"वेळेवर ओढत जा रे," आई म्हणायच्या. "नाहीतर दुसऱ्या प्रतीत जाऊन पडतील."

घरात त्यांना कप्तान म्हणत ते टोपीमुळे. जहाज त्यांनी कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. पण आज टेबलावर उताणं पडून, छताकडे बघत त्यांनी जी सभा बोलावली होती, ती पाहून कुणालाही वाटलं असतं की बुडत्या जहाजावर शेवटचे हुकूम सुटताहेत. उलट्या पेट्यांवर सगळे बसले होते. थोरला आणि त्याची बायको एका बाजूला, लेक आणि जावई दुसऱ्या बाजूला, आणि आई मधे, दाराजवळ, म्हणजे कुणाचीच बाजू न घेता उठून जाता येईल अशा ठिकाणी.

प्रश्न डोंगरउतारावरच्या बागेतल्या वरच्या ओळींचा होता. पानांवर काळे ठिपके दिसायला लागले होते, फळ नुकतंच धरलं होतं, आणि हवा कोरडी होती तोवर उरलेली फवारणी उरकायला हवी होती. उरकणार कशी? उतारावर टाकी घेऊन चढणारी वस्तू घरात एकच होती, बेडूक. बेडूक म्हणजे चार जाड चाकांची, घोड्यासारखी मांड टाकून चालवायची गाडी. तो उताणा पडला तेव्हा त्याला फारसं काही झालं नव्हतं. त्याच्याखाली कप्तान होते.

"गाडी चालू आहे," कप्तान म्हणाले. "थोरला चालवेल. मागे जावईबापू बसतील. उद्याच जा."

जावयानं नाकावरचा चष्मा सारखा केला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून घरात त्याला भिंगवाले म्हणत. स्वतःचा चष्मा अपघातात फुटल्यामुळे त्यानं दुकानातला शोभेचा एक घातला होता, जांभळ्या काड्यांचा. तेवढा सोडला तर त्याला कोपरावर ओरखडासुद्धा नीट आला नव्हता. आणि नेमकं हेच कप्तानांना खुपत होतं.

त्या घरात बेडकावर एकट्यानं जायचं नाही असा नेम होता. तो चांगला होता की वाईट हे कुणी तपासलं नव्हतं, आजोबांच्या वेळेपासून चालत आला होता एवढंच. गाडी उतारावर आडवी चालते तेव्हा खालच्या अंगाला झुकते. म्हणून मागच्या, सामानाच्या जाळीवर एक माणूस चढाच्या बाजूला बसवायचा आणि त्यानं आपलं सगळं अंग डोंगराकडे टाकायचं. ओळ संपली, गाडी वळली, की त्यानं ढुंगण उचलून दुसऱ्या बाजूला जायचं. या कामाला घरात कलणं म्हणत, आणि करणाऱ्याला कलता. कलत्याला अक्कल लागत नसे. वजन लागे.

लेकीनं भिंगवाल्यांना पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा ते दुकानाचा नकाशा, कर्जाचे कागद आणि एक निबंधासारखं भाषण तयार करून आले होते. कप्तानांनी काहीच विचारलं नाही. त्यांना मागे बसवून वरच्या ओळीपर्यंत नेऊन आणलं आणि खाली उतरताच आईंना सांगितलं की मुलगा उत्तम आहे. भिंगवाल्यांना बरीच वर्षं वाटत होतं की आपल्या मुद्रेतलं काहीतरी सासऱ्यांना आवडलं. आवडलं होतं ते पाच भरलेल्या पेट्यांइतकं वजन. त्या घरात माणसंही पेट्यांतच मोजत. थोरला साडेतीन पेट्या भरे, म्हणून त्याला कधीमधी चालवायला मिळे. भिंगवाले दर रविवारी दुकान बंद करून बसनं येत आणि डोंगराकडे कलत.

पडण्याचं त्या घराला नवल नव्हतं. उतारावर बहुतेकांच्या नावाच्या जागा होत्या, आजोबांचं वळण, काकांचा खड्डा, थोरल्याचं खोड. आजोबांचे पुढचे दात वळणावर गेले. काकांचा हात खड्ड्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही, त्यामुळे ते बस थांबवायला टोपी वापरत. या गोष्टी पडसं-खोकला सांगावा तशा सांगितल्या जात. सून नवी होती तेव्हा तिनं एकदा विचारलं होतं की न पडण्याचा कुणी कधी विचार केला होता का. सगळे तिच्याकडे प्रेमानं बघत राहिले होते, आणि आईंनी तिला आणखी चहा दिला होता.

"चालवणाऱ्याची चूक नव्हती," कप्तान छताला म्हणाले. "मी त्या ओळीतून डोळे मिटून जातो."

"त्या दिवशी मिटले होते का?" सुनेनं विचारलं.

थोरल्यानं बायकोच्या पायावर पाय दिला. त्या दिवशी टाकी त्यानं भरली होती, आणि चौकशी टाकीकडे वळू नये अशी त्याची मनापासून इच्छा होती. म्हणून तो घाईघाईनं वडिलांच्या बाजूला गेला. म्हणाला की चालवणाऱ्याची चूक नाही, टाकीची तर नाहीच नाही, मग राहिलं काय? कलणं. भावोजी कलले का?

"कललो," जावई म्हणाला. "मी नेहमीसारखाच कललो."

"कलले असतील," कप्तान म्हणाले, "पण किती?"

 यावर थोरल्याला उत्तर सुचलं, आणि तो पुढे आयुष्यभर म्हणत राहिला की ते त्याला सुचायला नको होतं. टेबलाच्या पायथ्याशीच पेट्या तोलायचा काटा होता. भावोजींनी त्यावर उभं राहावं, म्हणजे प्रश्नच मिटला.

 लेक नवऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या पँटच्या कमरेकडे बघत होती. पट्ट्याला नवी भोकं पडलेली तिनं कधीच पाहिली होती. गेल्या हिवाळ्यापासून ती त्याच्या ताटात वाढत होती आणि तो आटत होता. वाढलेलं जातं कुठे हे तिला एके दिवशी कळलं, शेजारच्या लठ्ठ झालेल्या कुत्र्याला जिना चढताना धाप लागलेली पाहून. तिनं त्याला विचारलं नव्हतं. काय विचारणार? उत्तर डॉक्टरांच्या भाषेत आलं तर काय करायचं, हे तिनं ठरवलेलं नव्हतं.

जावई काट्यावर उभा राहिला. आधी त्यानं बूट काढले, मग शिष्टाचार म्हणून परत घातले.

काटा चार पेट्यांपर्यंतही पोचला नाही.

थोरल्यानं तो हातानं ठोकला. स्वतः उभा राहून पाहिला, काटा बरोबर होता. परत भिंगवाल्यांना उभं केलं. सगळे त्यांच्याकडे असे बघू लागले की जणू ते घरातलं सोनं विकून आले होते.

"पेटी आणि वर थोडं," थोरला हळूच म्हणाला. "भावोजी, पेटी आणि वर थोडं कमी भरताय तुम्ही. सांगायचं तरी."

 चौकशी कप्तानांच्या मनासारखी निकाली निघाली होती. पुरावा काट्यावर उभा होता, जांभळ्या चष्म्यासकट. पण ते छताकडेच बघत राहिले आणि बोटभर खाली सरकले.

आईंनी मात्र बाजू घेतली. जावई काट्यावरून उतरून आपल्या पेटीवर बसला तशा त्या दारातून उठून सरळ त्याच्या शेजारी येऊन बसल्या, इतक्या जोरात की तो जवळजवळ पडलाच. माणूस एवढा झिजला आणि तुम्ही त्याला पेट्यांत मोजताय, असं त्या एकदा नवऱ्याला आणि एकदा मुलाला म्हणाल्या. मग लेकीकडे वळून, तुझं लक्ष कुठे असतं, असंही विचारून घेतलं. लेकीला ते लागलं. ती म्हणाली की तिचं लक्ष होतं, म्हणूनच तिला झोप येत नव्हती. थोरला म्हणाला की झोप न येण्याचं इथे काही कारण नाही, फवारणीचं बोला. सून म्हणाली की तिला एक विचारायचं आहे.

कुणीच तिला थांबवलं नाही, म्हणून तिनं विचारलं.

बेडूक पडला होता तिथे ती काल जाऊन आली होती. गाडी सरळ करून झाडाला टेकवून ठेवलेली होती. मागच्या जाळीच्या एका अंगाला, टाकीच्या आडोशाला एक पोतं बांधलेलं होतं. तिला आधी वाटलं औषधाची भुकटी असेल. उघडलं तर वाळू.

"वाळू कुणी बांधली?" ती म्हणाली. "आणि कशाला?"

थोरल्यानं मान हलवली, त्याला खरंच माहीत नव्हतं. जावई आश्चर्यानं म्हणाला की पोतं त्यानंही पाहिलं होतं, ते बरेच रविवार तिथे असे, पण सासऱ्यांच्या गाडीवर काय असावं हे आपण कोण विचारणार. मग सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. कप्तानांनी डोळे मिटले होते. त्यांचे कान लाल झाले होते. लग्न झाल्यापासून आईंनी ते फक्त दोनदा लाल झालेले पाहिले होते.

"मला वाटलं त्यांना काहीतरी झालंय," कप्तान म्हणाले.

"कुणाला?"

"त्यांना. ते बसले की जाळी पूर्वीसारखी दबत नव्हती. मला सीटवर कळतं. प्रत्येक रविवारी थोडी कमी." ते थांबले. "माणूस आजारी असेल आणि सांगत नसेल, तर आपण कसं विचारायचं? तुम्ही आता कमी भरता, असं तोंडावर म्हणायचं? दुसऱ्याच्या घरचा माणूस. म्हणून मी आपली तेवढी वाळू बांधली. त्यांना कळू न देता."

 सुनेचं डोकं मात्र अजून उतारावरच होतं.

"पण माणूस वळणावर बाजू बदलतो," ती म्हणाली. "पोतं कसं बदलेल?"

"मी बदलायचो ना. ओळ संपली की उतरायचो, फवाऱ्याचं नोझल बघतो म्हणायचो, आणि टाकीच्या आडून पोतं सोडून पलीकडे बांधायचो. प्रत्येक वळणाला."

आता जावयाचा चेहरा पांढरा पडला. त्याला ते वळण आठवलं. सासरे प्रत्येक ओळीअखेर खाली उतरतात, गुडघे धरून वाकतात, नोझल बघतात, हे तो कितीतरी रविवार मागे बसून बघत होता. वय झालेलं. त्या दिवशी त्यांचा गुडघा वाजला, तो त्याला ऐकू आला, आणि त्याला राहवेना.

"बाबा," तो म्हणाला, "त्या वळणाला मी उतरलो होतो."

"हो."

"मी म्हणालो, तुम्ही बसा, मी बघतो नोझल."

"हो," कप्तान म्हणाले. "मग मी काय करणार होतो? तुम्ही एवढं आपुलकीनं म्हणालात."

म्हणजे दोघं परत बसले, गाडी वळली, जावई चढाकडे सरकला, आणि वाळू होती तिथेच राहिली, आता दरीच्या बाजूला. पुढे फार लांब जावं लागलं नाही. जावई डोंगराकडे कलला होता, म्हणून गवतावर फेकला गेला. कप्तान खाली, आणि त्यांच्यावर बेडूक. सौजन्यानं एवढी हाडं मोडल्याचं त्या घरात हे पहिलंच उदाहरण असावं.

थोरल्याला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात घालायचा प्रयत्न केला, पण ते मोठं होतं. सून हसली नाही. ती म्हणाली की या गाडीला मागे लोखंडी कमान होती, उलटली तरी माणूस खाली चेंगरू नये म्हणून दिलेली. ती जुन्या झाडांच्या फांद्यांना अडते म्हणून बाबांनी पहिल्याच आठवड्यात कापून काढली. कमान असती तर आज पाय धड असता. आणि मागे माणूस बसवायची ती गाडीच नव्हे, तशी पाटी तिच्या मागच्या जाळीवरच लावलेली आहे. कप्तान म्हणाले की ती पाटी त्यांनी पाहिलेली नाही. सून म्हणाली, दिसणार कशी, तिच्यावर कलत्यासाठी उशी बांधली आहे.

आईंचं या कशात लक्ष नव्हतं. त्यांनी जावयाचा हात धरला होता.

"काय झालंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. "आता सांगून टाका. आम्ही आहोत."

लेकीनं मान वर केली. खरा प्रश्न शेवटी असा, सगळ्यांसमोर, पेट्यांच्या खोलीत आला होता. ती एरवी चारचौघांत नवऱ्याला अहो म्हणायची. ते ती विसरली.

"सांग," ती म्हणाली. "तू सांग. काहीही असू दे."

भिंगवाल्यांनी चष्मा काढला. तसं केल्यानं समोरचे चेहरे पुसट होत, आणि कठीण बोलायचं असलं की दुकानातही ते तसंच करत. एका सुंदर बाईला तिनं निवडलेली चौकट शोभत नाही हे सांगायला त्यांना एकदा सबंध दुपार लागली होती.

"मला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मला मागे बसायचं नव्हतं."

कुणालाच कळलं नाही.

"मला भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते.  पण सगळे वाट बघत असायचे, उशी बांधलेली असायची." त्यांनी काच शर्टाला पुसली. "मला नाही म्हणता येईना. म्हणून मी बारीक झालो. म्हटलं, वजन भरेनासं झालं की तुम्हीच काढून टाकाल."

थोरल्याचं हसू जिथल्या तिथे विरलं. लेकीनं तोंडावर हात धरला. ती रडते आहे असं आईंना वाटलं, आणि ते अर्धं खरं होतं. एवढे महिने ती रात्र रात्र जागून ज्याला घाबरत होती, तो आजार नव्हता, भिडस्तपणा होता. नवऱ्याला मारावं की जवळ घ्यावं हे तिला ठरवता येईना. तिनं त्याच्या पाठीत एक बुक्की मारली आणि हात तिथेच ठेवला.

"एवढंच होतं, तर बोलायचं," कप्तान म्हणाले.  जावई आजारी नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं की त्यांना हुकूम सुटत. "बोललात, छान झालं. वाळूचा विषय संपला. आता उद्याचं तेवढं उरका. एकच दिवस. थोरला सावकाश नेईल."

मग जे झालं ते त्या घराला शोभेलसंच झालं. सगळे प्रेमानं जावयाकडे वळले. थोरला म्हणाला की एकदाच, भावोजी, आणि उशी दुहेरी बांधू. आई म्हणाल्या की फवारणी चुकली तर वर्षाचं फळ जाईल, पण तुम्हाला नको असेल तर राहू दे, आम्ही काय, भोगू. त्याच्या पाठीवरचा लेकीचा हातही नकळत थोडा ढकलत होता. तीही याच घरची. एकटी सून जमिनीकडे बघत राहिली, कारण आता आपण बोललो तर ते आपलं बोलणं होईल, त्यांचं नाही, असं तिला वाटलं.

भिंगवाल्यांच्या घशाशी होकार आला. तो तिथे नेहमीच तयार असे. तो त्यांनी गिळला.  त्यांनी चष्मा परत घातला, सगळे चेहरे स्पष्ट झाले, आणि ते स्पष्ट असतानाच ते म्हणाले,

"नाही."

हळूच म्हणाले. पण ती खोली पेट्यांनी भरलेली होती, आवाज जायला जागा नव्हती.

"बसणार नाही. उद्याही नाही. पाइप ओढू. खालच्या रस्त्यावर टाकी आणि विजेचा पंप ठेवायचा आणि लांब पाइप पायी वर न्यायचा. पुढे मी धरतो, मागे दोन-तीन माणसं लागतील. दिवस जाईल, दोन जातील."

कप्तानांनी मान शक्य तेवढी वळवून जावयाकडे पाहिलं. या घरात त्यांना नाही म्हणणारा माणूस समोरून कसा दिसतो हे त्यांनी पूर्वी पाहिलेलं नसावं. ते थोरल्याकडे वळले. मग तू एकट्यानं घेऊन जा, ते म्हणाले.

थोरल्यानं आधी भावोजींकडे पाहिलं, मग बायकोकडे. तो शब्द एवढा लहान आहे, आणि म्हटल्यावर छप्पर पडत नाही, हे त्यानं नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मीपण नाही, बाबा," तो म्हणाला. "कमान बसवल्याशिवाय नाही." आणि मग, दार उघडं मिळाल्यावर माणूस दोन पावलं जास्त जातो तसं, "टाकीसुद्धा मी अर्धीच भरली होती त्या दिवशी. अर्ध्या टाकीत पाणी हिंदकळतं, त्यानंही तोल जातो. तेही सांगून टाकतो."

"जुन्या झाडांच्या फांद्या कापाव्या लागतील," कप्तान म्हणाले.

"कापू," आई म्हणाल्या. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. "फांद्या परत येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं पाइप घेऊन वर गेले. पेट्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवलं होतं, म्हणजे कप्तानांना उताराचा खालचा तुकडा दिसे. दिसत होता तो पाइप, गवतातून थांबत-थांबत वर सरकणारा. काम बैलगाडीच्या वेगानं चाललं होतं. वरून आवाज येत होते. थोरला ओढा म्हणत होता, लेक कुणाच्या तरी पायाखाली पाइप आहे म्हणून ओरडत होती, सून हसत होती, आणि मधेच भिंगवाल्यांचा आवाज, ओल्या चष्म्यातून काही दिसत नाही अशी तक्रार करणारा. कप्तानांनी दोनदा सूचना दिल्या. त्या कुणालाही ऐकू गेल्या नाहीत.

त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते बऱ्याच वेळानं लक्षात आलं. वर माणसं होती आणि इंजिनाचा आवाज नव्हता. एरवी घरचं कुणी वर असलं की ते कुठेही असोत, पेट्या मोजत असोत नाहीतर दाढी करत असोत, त्यांचा एक कान तिकडे असे. आवाज चालू आहे ना. मधेच तुटला तर हातातलं टाकून धावायचं. आज ऐकायचं काही नव्हतं. ते आईंना सांगावं म्हणून त्यांनी मान वळवली.

आई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर निवडायला घेतलेली भाजी. त्यांना झोप लागली होती. एवढ्या वर्षांत दिवसाउजेडी झोपलेलं कप्तानांनी या बाईला कधी पाहिलं नव्हतं, माणसं वर असताना तर नाहीच. म्हणजे दुसरा एक कानही इतकी वर्षं तिकडेच होता. तो कधी त्यांनी मोजला नव्हता.

कप्तान टेबलावर बरेच खाली सरकले होते. प्लास्टरचा पाय कडेच्या फळीला टेकला होता, आणि त्यांना लघवीचं भांडं हवं होतं, बऱ्यापैकी लवकर हवं होतं. भांडं आईंच्या खुर्चीमागे होतं.

त्यांनी हाक मारली नाही. छताकडे बघत, दात आवळून, ते धरून राहिले.